वैनगंगेचे टापू

मागच्या वर्षी मार्च महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राने मला इंडोनेशियाच्या पक्षीसहलीचं पत्रक पाठवलं. पाच बेटं, अठरा दिवस, उन्हाळी सुट्टी. पत्रकात वॉलेसची गोष्ट रंगवून सांगितली होती. या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात या बेटांवर आठ वर्षं काढली आणि बाली व लोंबोक यांच्या मधल्या समुद्रातून एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे आशियाच्या वळणाचे पक्षी, पलीकडे ऑस्ट्रेलियाच्या. मी दोन रात्री ते पत्रक वाचत बसलो. तिसऱ्या रात्री डॉलरमधल्या आकड्याचे रुपये केले आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी मामाचा फोन आला तेव्हा सहज विषय निघाला. मामा म्हणाला, "काहून रे, बेटंच पाहायची ना? मग जूनमध्ये इकडे ये. वैनगंगेत टापूच टापू उघडे पडलेत. आणि सारस मोजायचे आहेत, आम्हाला माणूस कमी पडते."

माझं आजोळ बालाघाट जिल्ह्यात, बाघ नदी वैनगंगेला मिळते त्या भागात. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. तरी खरं सांगतो, सारस मी तिथे कधी नीट पाहिला नव्हता. दिसला असेल, पण तेव्हा आमचं लक्ष आंब्यांवर. आणि आपल्याकडे पाहुणे आले की गाडी निघते ती थेट कान्हाच्या मुक्की गेटकडे. वाघ दिसला की सहल वसूल. घरामागची नदी कोणी दाखवत नाही, कारण ती घरामागे असते.

शाळा उघडायला आठवडा होता. बायकोला रजा मिळाली नाही. मी आणि चौथीतली लेक, असे दोघेच महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याहून गोंदियाला निघालो. गोंदिया ते बालाघाट हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. माझ्या लहानपणी तिथे नॅरो गेज होती, खिडकीतून हात काढला तर पळसाचं पान तोडता येईल इतकी सावकाश. आता ब्रॉडगेज आहे. मामा मोटरसायकल घेऊन आला होता. लेकीला पुढे टाकीवर, मला मागे बॅगांसह, आणि पुलावर मधोमध त्याने गाडी थांबवली.

"हे बघ पोरी, तुझं मागचं चाक महाराष्ट्रात अन् पुढचं मध्य प्रदेशात."

लेकीने खाली वाकून रेघ शोधली. अर्थातच नव्हती.

ही सीमा तशी नवीच. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा झाला. १९५६ पर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यानंतर वैनगंगा आणि बाघ या दोन नद्यांनी काही अंतर सीमेचं काम पत्करलं. माझी आजी महाराष्ट्राच्या काठची, दिली मध्य प्रदेशाच्या काठी. ती मरेपर्यंत "पलीकडे जाऊन येते" एवढंच म्हणायची. राज्य बदलून येते असं तिला कधी वाटलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी टापू पाहायला गेलो. पारा त्रेचाळीसवर होता म्हणून साडेचारनंतरच निघालो. गावातले एक ढीवरकाका डोंगा घेऊन आले. उन्हाळ्यात वैनगंगा आटते तेव्हा तिच्या पात्रात वाळूची बेटं वर येतात. काही खळ्याएवढी, काही फुटबॉलच्या मैदानाएवढी. पावसाळ्यात ती बुडतात आणि पुढच्या वर्षी भलत्याच जागी उगवतात. त्यामुळे त्यांना नावं नसतात. नकाशात दाखवून ठेवावं असं त्यांच्यात काही टिकतच नाही. काही टापूंवर लोक डांगर-टरबुजाच्या वाड्या लावतात. त्या महिन्यात वाड्या संपत आलेल्या, वेली वाळलेल्या, आणि बाकी सगळीकडे पांढरी, डोळ्यांवर येणारी वाळू.

डोंगा टेकताच डोक्यावर किंचाळी ऐकू आली. पिवळीजर्द चोच, काळी टोपी, शेपटीची लांब कात्री. नदी सुरय. तो सरळ माझ्या टोपीवर सूर मारून गेला, परत वळला, परत आला. लेक खाली बसली. काका म्हणाले, "हलू नका. पायाखाली पाहा आधी."

पाहिलं. माझ्या डाव्या बुटापासून हातभर अंतरावर वाळूत एक वाटीएवढा खळगा होता. त्यात दोन पिल्लं, वाळूच्याच रंगाची, पाठीवर काळपट ठिपके. दगडासारखी निपचित पडलेली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर माझी पक्षीसहल तिथेच पक्ष्यांच्या मुळावर आली असती. सुरय घरटं म्हणून काडीसुद्धा आणत नाही. उघड्या वाळूत खळगा करतो, त्यात दोन-तीन अंडी. भर उन्हात नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून बसतात, पोटाची पिसं नदीत भिजवून आणतात आणि अंड्यांना गारवा देतात. आम्ही उभे राहिलो म्हणून ते पिल्लांवरून उठले होते. म्हणजे आम्ही जितका वेळ कौतुक करू तितका वेळ पिल्लं उन्हात. आम्ही आल्या पावली मागे फिरलो आणि बाकीचा टापू डोंग्यातूनच पाहिला. ज्यांना टापूवर उतरून फोटो काढायची हौस आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मार्च ते जून हा विणीचा काळ. या दिवसांत वाळू रिकामी दिसते, असते असं नाही.

पुढच्या टापूच्या कडेला नदी टिटवी दिसली. आपली नेहमीची लाल गालाची टिटवी नव्हे. ही काळ्या तुऱ्याची, गळाही काळा, मान आत ओढून म्हाताऱ्यासारखी बसलेली. सुरय आणि नदी टिटवी या दोघांचीही संख्या जगभरात घटते आहे, आणि कारण एकच आहे: दोघांनाही नदीतली मोकळी वाळू लागते. त्या टापूच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. नंतर वल्हं मारता मारता म्हणाले, "वाळू माणसालाही लागतेच ना. आमच्या घराचा स्लॅब काय पिठाचा आहे?" मला उत्तर सुचलं नाही. एका उन्हाळ्यात वरून अचानक पाणी सुटलं आणि एका रात्रीत सगळे टापू अंड्यांसकट गेले, हेही त्यांनीच सांगितलं. त्या वर्षी पुढचे दोन दिवस सुरय त्याच जागेवर घिरट्या घालत होते म्हणे.

रात्री अंगणात खाटा टाकल्या. मामीने चिन्नोरचा भात केला होता. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मामीला त्याचं विशेष वाटत नाही. "वास तर आधीपासूनच होता," असं तिचं म्हणणं. जेवण झाल्यावर लेकीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला सारस कधीपासून आवडतात?"

मामा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने जे सांगितलं ते मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा तो विशी-बाविशीचा होता, आजोबा आजारी पडल्यामुळे शेती नुकतीच त्याच्याकडे आलेली. श्रावणात, रोवणी होऊन महिना झाला असेल, तेव्हा खालच्या बांधीत सारसांनी घरटं घातलं. सारसाचं घरटं म्हणजे चिमणीचं घर नव्हे. आजूबाजूचं गवत आणि धान उपटून जोडी पाण्यात ढीग रचते, माणूस आडवा झोपेल एवढा रुंद. वर दोन अंडी. मामाने कर्ज काढून खत टाकलं होतं. त्याने ढीग पाहिला, उपटलेलं धान पाहिलं, आणि फावड्याने तो ढीग बांधावर फेकून दिला. अंड्यांसकट.

"किती धान गेलं असेल?" मी विचारलं.

"फार तर दोन-चार पायल्या. तेव्हा ते खंडीभर वाटलं होतं."

जोडी पळून गेली नाही. मामाला वाटलं होतं, उडून जातील. ती दोघं बांधावर त्या ढिगाजवळ येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मामा निंदायला गेला की थोडी दूर सरकायची, तो घरी निघाला की परत यायची. आजोबांना खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या हाका ऐकू यायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी मामाला विचारलं, "काय केलंस रे?" मामा म्हणाला, काही नाही.

"बाबा गेले तोवर मी खरं सांगितलं नाही," मामा म्हणाला. "त्यांना ठाऊक होतंच म्हणा."

लेक काही बोलली नाही. थोड्या वेळाने ती आपली खाट सोडून मामाच्या खाटेवर जाऊन झोपली.

सारसाबद्दल आपण बऱ्याच गोष्टी ऐकतो. तो जन्माचा जोडीदार करतो, एक मेला की दुसरा अन्न सोडतो, वाल्मीकीच्या क्रौंचाची गोष्ट मुळात याचीच. क्रौंच म्हणजे सारसच असं काही अभ्यासक मानतात. जोड्या वर्षानुवर्षं टिकतात हे खरं. अन्न सोडून मरण्याची गोष्ट मात्र मला वाटतं माणसांनी रचलेली आहे, कारण ती ऐकायला बरी वाटते. मामाने पाहिलं ते त्याहून साधं होतं: दोन पक्षी आपल्या जागेवर परत परत येत होते.

मोजणीच्या दिवशी साडेतीनला उठलो. या भागात सारसगणना दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी होते. गोंदियाची 'सेवा' ही संस्था, दोन्ही बाजूंचे वनविभाग आणि गावोगावचे शेतकरी मिळून ती करतात. जूनच का, तर तळी-बोड्या आटलेल्या असतात आणि उरलेल्या थोड्या पाण्यापाशी सारस रात्री मुक्कामाला येतात. पाऊस लागला की जोड्या आपापल्या बांध्यांत पांगतात आणि विणीला लागतात. मग उभ्या धानात सहा फुटी पक्षीही सापडत नाही. हो, सहा फुटी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच हाच. मान ताठ केली की माझ्या खांद्याच्या वर आणि माझ्या लेकीच्या तर कितीतरी वर.

आमच्या वाट्याला नदीकाठची एक जागा होती. मामा, त्याचा शेजारी, मी आणि लेक. टॉर्च बंद, मोबाइल बंद, अंगावर मळकट कपडे. लेकीचा गुलाबी फ्रॉक मामीने रात्रीच बॅगेत परत कोंबला होता. बांधावर पालथं पडून राहिलो. डास होते. त्यांच्याबद्दल पत्रकांत कधी लिहीत नाहीत.

पाचच्या आसपास पूर्व जरा फिकट झाली आणि समोरच्या टापूच्या कडेला, घोटाभर पाण्यात, चार खांब दिसायला लागले. मी त्यांना खुंट समजलो होतो. मग एका खांबाने मान लांब केली.

आणि हाक आली. हा आवाज मी यापूर्वी फोनवर ऐकला होता, पण ते काही खरं नव्हे. सारसाची श्वासनळी लांबलचक असते आणि छातीच्या हाडात वळसे घेऊन बसलेली असते, पितळी तुतारीसारखी. त्यामुळे आवाज नदी ओलांडून पलीकडच्या गावात जातो. एकाची लांब हाक, की लगेच दुसऱ्याचे तुटक जबाब. दोघांच्या माना आकाशाकडे, नराचे पंख अर्धे उचललेले. पलीकडून, महाराष्ट्राच्या काठावरून, दुसऱ्या जोडीने उत्तर दिलं. लेकीने माझा दंड घट्ट धरला होता. तिची नखं रुतली ती मला नंतर कळली.

उजेड वाढला तसे रंग आले: राखी अंग, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक, पाय गुलाबीसर. लेकीने मोजले तीन. मामा म्हणाला चार. शेजारी म्हणाला, चार, पण एक पिल्लू. मागच्या पावसाळ्यात जन्मलेलं, उंचीने आईबापाएवढं झालेलं, पण डोकं अजून तांबूस-भुरकट. वर्षभर ते आईबापासोबत राहतं, पुढच्या विणीच्या वेळी त्याला हाकलून देतात. लेक म्हणाली, "म्हणजे आता हाकलतील?" मामा म्हणाला, "आता नोकरीला लागेल ते. पुण्याला जाईल." हा टोमणा कोणाला होता ते मला समजलं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मोजणीच्या कागदावर नुसती संख्या लिहायची नसते. किती प्रौढ, किती पिल्लं, किती वाजता दिसले, किती वाजता उडाले, कोणत्या दिशेने गेले, हे सगळं लिहायचं. पाच बेचाळीसला आमच्या चारांपैकी एक, जो बाकीच्या तिघांपासून जरा वेगळा उभा होता, तो उडाला आणि नदी ओलांडून पलीकडे उतरला. पलीकडच्या पथकाने त्यालाही मोजलं असणार. मग तो एकदा मध्य प्रदेशात आणि एकदा महाराष्ट्रात, असा दोनदा धरला जाईल. म्हणून नंतर दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वेळ आणि दिशा जुळवतात, आणि दुबार नोंद काढून टाकतात. दोन सर्व्हरवर एकच नोंद दोनदा आली तर आम्ही ऑफिसात हेच करतो, आणि त्यावर दिवसच्या दिवस बैठका घेतो. इथे चार शेतकऱ्यांनी चहा पिता पिता हे केलं. तो एकटा सारस शेवटी आमच्या खात्यात राहिला, कारण रात्री तो आमच्याकडे झोपला होता.

नदीच्या दोन्ही काठांचे मिळून सारस शंभराच्या आतच. अलीकडच्या गणनांत बालाघाटचा आकडा गोंदियापेक्षा जास्तच भरला आहे. उत्तर प्रदेशात, जिथे तो राज्यपक्षी आहे, तिथे सारस हजारोंनी आहेत. महाराष्ट्रात मात्र गोंदिया, आणि भंडारा-चंद्रपुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, जिल्ह्यांत संवर्धन समित्या झाल्या. पण त्या न्यायालयाची हद्द नदीच्या मध्यावर संपते आणि सारस तर सकाळी इकडे, दुपारी तिकडे. तो मरतो ते बहुतेक विजेच्या तारांना धडकून, नाहीतर फवारलेलं काहीतरी खाऊन. तळ्यात मासेमारी वाढली की त्याची मुक्कामाची जागा जाते. भटकी कुत्री पिल्लं नेतात. यातलं काहीच खास क्रूरपणाचं नाही. सगळं आपल्या रोजच्या व्यवहारातलं आहे, त्यामुळे थांबवणं जास्त कठीण.

वाचवतो तोही शेतकरीच. ज्याच्या बांधीत घरटं पडतं, त्याने दोन महिने तेवढ्या कोपऱ्यात फवारणी करायची नाही, कुत्रं फिरकू द्यायचं नाही आणि गेलेल्या धानाची वाच्यता करायची नाही. मामा गेली कित्येक वर्षं हे करतो. खालच्या बांधीचा एक कोपरा तो औषध न मारता सोडतो. इतक्या वर्षांत तिथे घरटं झालं ते फक्त दोनदा. तरी सोडतो.

परतताना गोंदिया स्टेशनवर लेकीने मला विचारलं, "तू लहानपणी का नाही पाहिलेस?" मी आंब्यांचं कारण सांगितलं. तिला ते पटलं नाही.

ऑगस्टमध्ये मामाचा फोन आला. घरटं झालं होतं, पण त्याच्या कोपऱ्यात नाही. बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या बांधीत, अगदी मधोमध. तोच शेजारी, जो मोजणीला आमच्यासोबत बांधावर पालथा पडला होता. मोजायला त्याची हरकत नव्हती, पण आपल्या धानातलं घरटं पाहून तो चिडला होता. "तुझे पाहुणे माझ्या घरी कशाला?" असं तो मामाला म्हणाला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? कोठीतून चार पायल्या धान काढलं, पोत्यात भरलं, त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवलं."

"त्याने घेतलं?"

"घेतलं ना. पायलीने मोजून घेतलं. अन् पिल्लू निघाल्यावर दोन पायल्या परत आणून दिल्या."